नागपूरची अर्धी मॅरेथॉन आणि उरलेले आठशे मीटर

शुक्रवार

डिसेंबरात नागपुरात हॉटेल शोधायला जाऊ नये. मी गेलो. अधिवेशनाचे दिवस. १९५३च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं, त्याची फळं पुण्याहून धावायला निघालेल्या माणसानं अशी भोगायची. मंत्री, आमदार, त्यांचे पीए, पीएंचे ड्रायव्हर, वर मोर्चेवाले, सगळे एकाच पंधरवड्यात शहरात उतरलेले असतात. स्टेशनसमोरच्या एका साध्या लॉजवाल्यानं फोनवर जो दर सांगितला, तो ऐकून मी "घरी विचारून कळवतो" म्हणालो आणि धरमपेठेतल्या मावशीला फोन लावला.

"हॉटेल कायले शोधून राहिला रे? माझं घर पडलं का?" एवढंच ती म्हणाली. आणि मग दहा मिनिटं, मागच्या वेळी आलास तेव्हा जेवून गेला नाहीस, यावर.

संध्याकाळची पुणे-नागपूर गाडी. बूट पिशवीत न ठेवता उशाशी घेऊन झोपलो. बाकी काहीही चोरीला गेलं तरी चालेल. सहाशे किलोमीटर घासून पायाला बसलेले बूट गेले, तर रविवारी मी फक्त टाळ्या वाजवायला उरलो असतो.

शनिवार

बडनेऱ्याच्या आसपास जाग आली ती थंडीनं. वर्ध्याला चहा घेतला. खिडकीबाहेर कपाशीची वेचून झालेली शेतं आणि मधूनच तुरीचा हिरवा पट्टा. समोरच्या बाकावरच्या आजी फोडी करून संत्रं खात होत्या आणि सालीचा वास सगळ्या डब्यात. आंबिया बहाराची फळं या दिवसांत बाजारात असतात. पुण्यात आपण जे नागपूरचं म्हणून घेतो त्यापेक्षा ही बुटकी, ढिल्या सालीची आणि जास्त आंबट.

दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, स्टेशनवर घ्यायला आला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं दहा किलोमीटरला नाव घातलं होतं आणि त्याच दिवशी सकाळी नवे कोरे बूट घेतले होते. उद्या हे घालू नकोस, जुनेच घाल, असं मी तीनदा सांगितलं. "भाऊ, एवढे पैसे काय कपाटात ठेवायले देले का?" म्हणाला. पुढचं सांगायला नको. रविवारी दुपारी दोन्ही टाचांना फोड घेऊन तो बाथरूमच्या स्लिपरमध्ये घरभर फिरत होता.

बिब, म्हणजे शर्टावर पिनांनी लावायचा नंबराचा कागद, घ्यायला गेलो तो एक मंगल कार्यालयाचा हॉल होता. मोठ्या शहरातल्या स्पर्धांत बिब घ्यायला जाणं ही स्वतंत्र जत्राच असते: बुटांचे स्टॉल, एनर्जी जेलचे स्टॉल, भिंतीवर तुमचं नाव शोधून फोटो काढा. इथं तीन टेबलं, दोन याद्या आणि एक माइक, जो कुणीतरी सारखा "हॅलो, हॅलो" करून तपासत होतं. टी-शर्ट मध्यम मापाचे संपले होते. मला जो मिळाला त्यात मी आणि दादा दोघं मावलो असतो. बिबला चार पिना लागतात. माझ्या वाट्याला तीन आल्या. टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, एक कोपरा मोकळा राहिला तर काही होत नाही." खरं आहे, काही होत नाही. फक्त एकवीस किलोमीटर तो कोपरा फडफडत राहतो.

रांगेत माझ्यापुढे पाच पोरं होती. गोंदियाकडची, पोलीस भरतीची तयारी करणारी. रात्रीच्या गाडीनं आली होती आणि आजची रात्र स्टेशनवरच काढणार होती. एकाच्या पायात कॅनव्हासचे बूट, पुढून शिवलेले. मी विचारलं, किती धावतोस रोज? "आमचं तं सोळाशेचं काम हाय सर. भरतीत सोळाशे मीटरच राहते." मग दहा किलोमीटरला कसं? तो हसला. "सोळाशेले कोणी पैसे देते का?" बक्षिसाची रक्कम, पहिल्या किती जणांना, किती, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आपण ज्याला छंद म्हणतो, तो या पोरांचा महिन्याच्या खर्चाचा हिशेब असतो. छोट्या शहरांच्या स्पर्धांमध्ये पहिल्या दहांत कोण येतं ते पाहा. तिथं महागडी घड्याळं क्वचितच दिसतात.

त्याच रांगेत हिंगणघाटचे काका भेटले. एसटीतून निवृत्त, वय ६७, एकवीस किलोमीटरची ही नववी वेळ. मी पुण्याहून फक्त यासाठी आलो म्हटल्यावर त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी मला स्वतःकडची चौथी पिन दिली. "माझ्याकडं घरच्या असतात," म्हणाले. मग मार्गाचं निघालं. मार्ग नीट मोजलेला असेल का, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, "मोजणीचं आम्हाला विचारू नका. अख्खा हिंदुस्थान मोजणारा साहेब आमच्या गावात पुरलाय."

मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. विल्यम लॅम्बटन, ज्यानं भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात केली, तो हैदराबादहून नागपूरकडे येताना १८२३च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर तिथंच आहे. १८०२ साली मद्रासजवळ त्यानं पहिली पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची मोजणी करायची ती रेषा, मोजली: साडेसात मैल, शंभर फुटांच्या पोलादी साखळीनं, ५७ दिवसांत. काका हे सांगत असताना मागून माइकवर "ज्यांना साइज बदलून पाहिजे त्यांनी प्लीज भांडू नका" अशी घोषणा चालू होती.

बाहेर आल्यावर दादानं तर्री पोह्यांच्या ठेल्यासमोर गाडी थांबवली. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिखट खायचं नाही, हा माझा नियम. ठेलेवाल्यानं पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओतली, वर कांदा, वर सांबार (इथं सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेकरांनी घाबरू नये), आणि नियम तिथंच संपला.

रात्री खरा प्रसंग होता. मावशीनं गोळाभात केला होता. मी चाचरत म्हटलं की आज नुसता वरणभात चालला असता, कार्बोहायड्रेट लागतात. "म्हणजे भातच नं?" "हो." "मग हा काय आहे?" गोळाभात ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी: जाडसर बेसनाचे तिखटमीठ लावलेले गोळे भाताबरोबरच शिजतात, आणि ताटात गोळा भातात कुस्करून वर मोहरी, हिंग, हळद, लाल मिरचीची कडकडीत फोडणी घेतात. फोडणी म्हणजे खरं तर तेलच. मावशी पळी हातात घेऊन उभी. "थोडंसं," मी म्हटलं. विदर्भात "थोडंसं" या शब्दाला नेमका अर्थ नाही. दोन पळ्या पडल्या.

झोपण्याआधी तिला मार्ग समजावला. कस्तुरचंद पार्कातून निघून सिव्हिल लाईन्स, जपानी गार्डन, सेमिनरी हिल्सचा चढ, फुटाळा, रविनगर, लॉ कॉलेज चौक. तिथून वेस्ट हायकोर्ट रोडवर आत येऊन लक्ष्मीभुवन चौकाच्या जरा अलीकडे कोन असेल, त्याला वळसा घालून परत. असे दोन फेरे. म्हणजे मी तिच्या घराच्या कोपऱ्यावर दोनदा येणार. पावणेसातला आणि आठला. तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलं, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.

रविवार

पहाटे पाचला मोबाइलवर ११ अंश. कस्तुरचंद पार्कावर दव पडलेलं आणि स्टेजवर झुंबा. सहाची वेळ होती. पाहुणे यायचे होते. "बस दोन मिनट, पाहुणे एलआयसी चौकात पोचले आहेत," असं निवेदक चार वेळा म्हणाला. एलआयसी चौक मैदानाला लागूनच आहे. तिथून रांगत आलं तरी एवढा वेळ लागत नाही. सहा पंचवीसला झेंडा हलला. तोवर पायाची बोटं माझी आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. निघायच्या वेळेची शिस्त नसणं ही मला छोट्या स्पर्धांची सर्वांत वाईट गोष्ट वाटते. टी-शर्टचं माप चुकलं तर चालतं, पण आठशे माणसांना थंडीत उभं करून एका माणसाची वाट बघायची, हे नाही पटत.

सिव्हिल लाईन्स मात्र धावायला इतकी सुंदर आहे की राग टिकला नाही. जुने बंगले, रुंद शांत रस्ता, वर मोठमोठ्या झाडांची छत्री. धावणारे इतके कमी की दुसऱ्याच किलोमीटरला आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो. मुंबईत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी धावलो होतो तेव्हा पहिले चार किलोमीटर मी फक्त पुढच्याच्या टाचा बघितल्या होत्या. इथं झाडू मारणाऱ्या एका मावशींनी झाडू थांबवून आम्हाला वाट दिली आणि विचारलं, "काय झालं, बस सुटली का?"

जपानी गार्डनपासून चढ सुरू होतो. नागपूर सपाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सेमिनरी हिल्सवर एकदा धावत जावं. चढ मोठा नाही, पण लांबतो. संपला असं वाटतं आणि वळणापलीकडे आणखी थोडा असतो. हिंगणघाटचे काका तिथं माझ्या शेजारी आले. चढावर पावलं लहान, हात कमरेजवळ, नजर चार हातांवर. बोलत नव्हते. माथ्यावर पोचल्यावर म्हणाले, "आता गोळाभात जिरला असेल." मी त्यांना गोळाभाताचं सांगितलं होतं हेच मी विसरलो होतो.

फुटाळ्यावर धुकं होतं. तलावाचं पाणी दिसतच नव्हतं, नुसता पांढरा कापूस आणि कठड्यावर बसलेली चार-दोन माणसं. तिथंच मागून दहा किलोमीटरवाली पोरं आली. आमच्यानंतर पंधरा मिनिटांनी सुटलेली. आधी टपटप आवाज, मग वारा, मग पाठी. शिवलेले कॅनव्हासचे बूट तिसऱ्या नंबरावर होते. मी ओरडून काहीतरी प्रोत्साहन दिलं. त्यानं मागं न बघता एक बोट वर केलं.

रविनगरवरून लॉ कॉलेज चौक, तिथून आत वळलो आणि मावशीला शोधायला लागलो. कोन मध्येच आला. नारिंगी कोन, बाजूला स्वेटरमधली कॉलेजची मुलगी, आणि तिच्या मागे रस्त्यावर आडवा उभा असलेला मंडपवाल्याचा ट्रक. बांबू उतरवणं चालू होतं. लग्नसराईचे दिवस. "सर, इथूनच वळा, पुढं रस्ता नाही," मुलगी म्हणाली. मी वळलो. ट्रकच्या पलीकडे कुठंतरी मावशी उभी होती. ट्रकमुळे ना तिला मी दिसलो, ना ती मला.

पहिला फेरा संपला तेव्हा मनगटावरच्या घड्याळात १०.१५ किलोमीटर होते. असायला हवे होते साडेदहाच्या वर. घड्याळाचा एक गुण असा की धावताना ते सहसा थोडं जास्तच दाखवतं, कारण आपण वळणं आतल्या कडेनं घेत नाही आणि उपग्रहाची रेघ जरा डळमळतेच. ते कमी दाखवत असेल, तर बहुधा मार्गच कमी पडलाय. मी मनात हिशेब केला: कोन दोनशे मीटर अलीकडे, म्हणजे जाऊन-येऊन चारशे. दोन फेऱ्यांचे आठशे. त्या वळणावर धावणाऱ्याची चिप टिपणारी चटई नव्हती, त्यामुळे हे यंत्राला कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या फेऱ्यात शहर जागं झालेलं. दहावाले संपले, आम्ही अडीचशे-तीनशे जण रस्त्यावर विखुरलेलो, आणि वाहतूक सोडून दिली होती. चढावर दुधाच्या कॅन लटकवलेली मोटरसायकल माझ्या बरोबरीनं चालली. "किती राहिलं, भाऊ?" "सात." "बसता का मागं?" चौदाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर नुसते ग्लास होते, पाणी नव्हतं. फुटाळ्याच्या चहाटपरीवाल्यानं ते बघितलं असावं. तो ड्रमजवळ स्टीलचा मग घेऊन उभाच होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी ओतत होता. ओंजळीनं प्यायलो. अर्धं कोपरातून शर्टात गेलं. पैसे विचारायचं मला सुचलंही नाही, आणि त्याला तर नाहीच.

सतराव्याला उजव्या पोटरीत गोळा आला. (हा गोळा भातातला नव्हे.) थोडं चाललो, थोडं घासलो, आणि लॉ कॉलेज चौकातून आत वळलो तर कोनाला टेकून मावशी उभी. स्वेटर, वर शाल, पायात मोजे आणि चप्पल. कुणीतरी तिला सांगितलं होतं की पोट्टे ट्रकच्या अलीकडूनच पलटून राहिले. त्याआधी ती सव्वासहापासून लक्ष्मीभुवन चौकात थांबली होती.

"थांब," ती म्हणाली.

"मावशी, वेळ जातोय."

"वेळ जाते त जाऊ दे. तोंड उघड."

स्टीलचा छोटा डबा. संत्र्याच्या फोडी, वरचा पापुद्रा काढलेल्या, बिया काढलेल्या. थंडीनं आणि मिठानं माझी बोटं आखडली होती, म्हणून तिनंच एकेक फोड तोंडात घातली. चार फोडी. कोनाजवळची मुलगी तोंड फिरवून हसत होती. तिलाही एक मिळाली. मंडपवाल्यालाही.

महाराजबागेकडून परत मैदानावर आलो. कमानीखालचं मोठं घड्याळ ठेवलेलं होतं, पण बंद पडलं होतं. माझ्या मनगटावर २ तास १२ मिनिटं ४० सेकंद आणि २०.३ किलोमीटर. गळ्यात पदक पडलं. माझी पुण्यातली सर्वोत्तम वेळ २:१८:०५ होती. म्हणजे मी ती साडेपाच मिनिटांनी मोडली. म्हणजे मोडली नव्हती.

अधिकृत शर्यतींचे मार्ग मोजायची एक पद्धत आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा मोजक लावतात, कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर ठेवून सर्वांत जवळच्या रेषेनं जातात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर वाढवून धरतात. कमी कधीच नाही, जास्त चालेल. इतकं करून शेवटी रात्री एक ट्रक येतो.

मी घड्याळ बंद केलं नव्हतं. पदक घालूनच मैदानाच्या कडेनं धावायला लागलो. वेड्यासारखं दिसत असणार, पण पन्नास पावलांवर समोरून आणखी एक पदकवाला उलट दिशेनं फेऱ्या मारत येताना दिसला. मग दोन बायका. मग हिंगणघाटचे काका. कुणी कुणाला काही विचारलं नाही. नाश्त्याच्या रांगेतली माणसं द्रोण हातात धरून आमच्याकडं बघत होती. एक व्हॉलंटियर धावत आला, "सर, संपली रेस, संपली!" काका न थांबता म्हणाले, "तुमची संपली."

२१.१ झाले तेव्हा २:१८:१६. अकरा सेकंदांनी हुकलं. संत्र्याच्या फोडींत माझे निदान चाळीस गेले होते.

द्रोणात पोहे, वर तर्री. कॅनव्हासवाला पोरगा दुसरा आला होता. बक्षिसाचा मोठा पुठ्ठ्याचा चेक त्याला गाडीत कसा न्यायचा ते समजत नव्हतं. शेवटी चौघांनी मिळून तो दुमडला.

सोमवार

जिना उतरताना कडेनं, कठडा धरून, एका वेळी एक पायरी. शंकरनगरहून मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून झिरो माइल. हे सगळं मी सरकत्या जिन्यांसाठी केलं, हे कबूल करतो.

झिरो माइलला या आधी किती वेळा गेलो असेन, पण वाचलं काहीच नव्हतं. वालुकाश्माचा खांब, उधळलेले चार घोडे, आणि शेजारी तो छोटा दगड, १९०७चा, सर्वेक्षणवाल्यांचा. समुद्रसपाटीपासूनची उंची: १०२० फूट आणि वर दशांशात तीन आकडे. फुटाचा हजारावा भाग! खांबाच्या पायथ्याशी गावांची अंतरं कोरलेली. चांदा १२५ मैल, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. लॅम्बटन तिकडूनच येत होता, आणि नागपूर थोडक्यात राहिलं त्याचं. फोटो काढून काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "पुढच्या वर्षी माझ्याकडं उतरा. कबर दाखवतो. सकाळी आठ किलोमीटरही होतील."

संध्याकाळी मावशीनं दिलेल्या पिशवीत संत्री, संत्रा बर्फी आणि डब्यात चार गोळे होते, "पुण्यात नुसता भात लाव, फोडणी मात्र तुझी तू कर." गाडी वर्धा सोडत होती तेव्हा फोनवर प्रमाणपत्र आलं. माझं नाव, अंतर २१.१ किमी, वेळ २:१२:४०, खाली दोन सह्या. मी ते कुणाला दाखवणार नव्हतो, पण दादानं वेबसाइटवरून शोधून घरच्या ग्रुपवर टाकलंच. अभिनंदनं सुरू झाली. अंगठे, फुलं, हार.

रात्री साडेनऊला मावशीचा मेसेज आला. "यात माझे दोनशे मीटर धरले का?"